परसबाग : वाळूवरची पाथरी

जी वनस्पति कोणी लावीत नाहीं, जिला कोणी पाणी घालीत नाहीं आणि जी उपटून टाकतांना कोणाच्या मनांत दुसरा विचार येत नाहीं, तिच्याविषयीं या सदरांत लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मालवण तालुक्यांतील तारकर्ली येथील एका वाचक कुटुंबाच्या पत्रामुळें तो या महिन्यांत आला आहे. तारकर्ली हें गांव एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांच्या मध्यें वसलेलें असून, देवबागाकडे जातांना ही जमिनीची पट्टी अधिकाधिक चिंचोळी होत जाते. पत्र लिहिणाऱ्या कुटुंबाचें घर माडांच्या बनांत आहे, आणि आवाराच्या पश्चिम अंगास वाळूचा एक उंचवटा आहे. त्यावर पिवळ्या फुलांचें, जमिनीसरपट पसरणारें रान माजलें आहे. घरांत अलीकडे पाहुण्यांच्या निवासाची व न्याहारीची सोय केली असल्यामुळें, हंगामापूर्वीं हें रान काढून, उंचवटा सपाट करून, वर लाल माती पसरून हिरवळ करावी व तिच्या कडेनें रोपवाटिकेंत मिळणारी ‘वेडेलिया’ लावावी, असा वडील मंडळींचा विचार आहे. वेडेलियाचेंही फूल पिवळेंच असतें. तेव्हां शोभेंत उणें पडणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें इतकेंच कीं, उपटण्यापूर्वीं निदान त्या वनस्पतीचें नांव तरी कळूं द्यावें. पत्रासोबत कागदांत दाबून वाळविलेली एक फांदी आली आहे. प्रश्न दोन आहेत : ही वनस्पति कोणती, आणि ती उचलून आवारांत दुसरीकडे लावतां येईल काय?

फांदी वाळलेली असली तरी ओळख पटण्यास अडचण नाहीं. ती समुद्रकांठची पाथरी होय. शास्त्रीय परिभाषेंत तिला ‘लॉनिआ सार्मेंटोसा’ म्हणतात. जुन्या ग्रंथांत तिचें नांव ‘लॉनिआ पिन्नाटिफिडा’ असें आढळतें. थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत ती याच नांवानें शोधावी लागते. या दोन नांवांत तिचीं दोन मुख्य लक्षणें आलीं आहेत. सार्मेंटोसा म्हणजे लांब धांवत्या फांद्यांची, आणि पिन्नाटिफिडा म्हणजे पिसासारखीं चिरलेलीं पानें असलेली.

ओळख

पाथरीचें कुळ सूर्यफुलाचें. शेवंती, झेंडू, माका, सहदेवी, एकदांडी, पावसाळ्यांत सह्याद्रीचे माथे पिवळे करणारी सोनकी, हीं सर्व त्याच कुळांतलीं. सपुष्प वनस्पतींत याच्याएवढीं मोठीं कुळें फारच थोडीं. तीस हजारांहून अधिक जाती यांत मोडतात. या कुळाची खूण अशी कीं, आपण ज्याला एक फूल म्हणतों तें एक फूल नसतेंच. ती पुष्कळ बारीक फुलांची एकत्र बसलेली सभा असते. घरांतील मुलांना एखादें सूर्यफूल उकलून दाखवावें. मधल्या तबकांतील प्रत्येक नळी हें एक स्वतंत्र फूल आहे, आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेंही एक फूलच आहे, हें पाहून त्यांस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

पाथरीच्या फुलांत मात्र मधलें तबक नसतें. आंतून बाहेरपर्यंत सर्वच फुलें पट्टीसारखीं चपटीं व पिवळीं असतात. त्यांपैकीं एक पट्टी चिमटीनें काढून भिंगाखालीं धरावी. तिच्या टोंकाशीं पांच बारीक दांते दिसतात. पांच पाकळ्या एकमेकींस जुळून ही पट्टी झाली, याची ती निशाणी होय. दुसरी खूण चिकाची. पान किंवा देंठ मोडतांच दुधासारखा पांढरा चीक येतो. तबक नसणें, टोंकाला पांच दांते असणें आणि पांढरा चीक निघणें, या तीन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे वनस्पति चिकोरी व सालीट यांच्या पोटकुळांतली आहे, असें निःशंक समजावें.

आतां पाथरीच्या खास खुणा. पानें जाडसर, गुळगुळीत, बोटभर लांबीचीं, कडा गोलसर खांचांनीं चिरलेल्या. तीं सर्व जमिनीलगत एका झुबक्यांत बसलेलीं असतात. या झुबक्यांतून सुतळीसारखें बारीक खोड निघून वाळूवरून धांवत जातें, कांहीं अंतरावर पेराशीं मूळ धरतें, तेथें पानांचा नवा झुबका होतो, आणि त्यांतून पुन्हां खोड पुढें निघतें. वाळू हातानें थोडी बाजूस सारली तर एका आईच्या कितीतरी लेकी एका दोऱ्यांत ओंवल्यासारख्या दिसतात. मूळ झाडाचें सोटमूळ जाड असून बरेंच खोल जातें. फुलें आखूड देंठावर, झुबक्याच्या मध्यांतून येतात. आकारानें तीं रुपयाच्या नाण्याहून फार मोठीं नसतात. तीं सकाळीं उमलतात व ऊन तापलें कीं मिटूं लागतात. म्हणून दुपारीं फिरावयास निघणाऱ्या माणसाला पाथरी ही नुसती हिरवी घाण वाटते. सकाळीं तोच उंचवटा पाहिला तर मत बदलतें.

सारखेपणाचा घोटाळा

पाथरी हें नांव ऐकून देशावरील वाचकांच्या डोळ्यांपुढें वेगळी वनस्पति उभी राहील. शेताच्या बांधावर व बागेच्या ओलसर जमिनींत उगवणारी, जिची कोंवळीं पानें भाकरीबरोबर कच्चीं खातात, ती पाथरी म्हणजे ‘लॉनिआ प्रोकंबेन्स’. ती याच वंशांतली सख्खी बहीण आहे. तिच्या पानांच्या कडेला बारीक पांढरे दांते असतात व फुलांचे देंठ फांद्या फुटून वर येतात. मातींत ती सुखानें राहते. समुद्रकांठची पाथरी वाळू सोडून फारशी आंत येत नाहीं.

वाळूवर पाथरीच्या शेजारीं मर्यादवेल असते. तिलाही चीक आहे. परंतु तिचें पान शेळीच्या खुरासारखें दुभंगलेलें असतें व फूल जांभळट, पेल्यासारखें असतें. तिचें कुळ निराळें. एकदांडीचें फूल उंच देंठावर एकटें असतें, मध्यें पिवळें तबक व कडेला फिक्या रंगाच्या थोड्या पट्ट्या असतात. पानें केसाळ असून त्यांतून चीक निघत नाहीं. एकदांडी मूळची अमेरिकेंतली. आज ती इतकी सर्वत्र झाली आहे कीं तिला परकी म्हणतांना जीभ अडखळते.

खरा घोटाळा वेडेलियाचा आहे. ही देखील जमिनीसरपट पसरते, पेरापेराशीं मूळ धरते, हिचेंही फूल पिवळें. परंतु हिचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, तीं चकचकीत व बहुधा त्रिखंडी असतात, फुलांत स्पष्ट तबक असतें आणि मोडल्यावर पांढरा चीक येत नाहीं. शास्त्रीय नांव ‘स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा’. मूळ देश उष्ण कटिबंधांतील अमेरिका. शोभेसाठीं जगभर नेलेली ही वनस्पति अनेक उष्ण देशांत बागेंतून निसटली, आणि ओढ्यांच्या कांठीं, रस्त्यांच्या कडेनें व मोकळ्या जमिनींत तिचा असा दाट गालिचा झाला कीं खालीं दुसरें कांहीं उगवेना. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकी जीवजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केली, तींत हिचें नांव आहे. छाटून फेंकलेला तिचा तुकडाही पडेल तेथें रुजतो. ज्या आवाराच्या मागें खाडीचा कांठ आहे, तेथें ती लावणें म्हणजे घरच्या हौसेचा भार सबंध गांवावर टाकणें होय.

ज्यांना तशाच रूपाचें कांहीं हवें आहे त्यांच्यासाठीं आपल्याच कोंकणांत तिची एक देशी बहीण आहे. ती पिवळा माका. वैद्यकांत तिला पीत भृंगराज म्हणतात. ती भातशेताच्या ओलसर बांधावर आढळते. पानें अरुंद, खरखरीत, फूल लांब देंठावर एकेकटें. विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर ती आनंदानें पसरते. माडाच्या आळ्यालगत पिवळी कड हवी असेल तर हीच लावावी. पांढऱ्या फुलांचा नेहमींचा माका तो हिच्याहून निराळा, हें केसांच्या तेलासाठीं पाला गोळा करणाऱ्या भगिनींनीं ध्यानांत ठेवावें.

वाळूंतील संसार

पाथरी इतक्या रुक्ष जागीं कां राहते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. कोरडी वाळू पाणी धरीत नाहीं, उन्हांत ती पाय भाजण्याइतकी तापते, वाऱ्याबरोबर जागा बदलते, आणि समुद्रावरून येणारे खारे तुषार पानांवर बसतात. बागेंतील लाडकीं झाडें अशा जागीं आठ दिवसही टिकणार नाहींत. पाथरीनें यांपैकीं प्रत्येक अडचणीवर तोड काढली आहे. सोटमूळ खालच्या ओलाव्यापर्यंत जातें. जाड पानें पाणी सांठवितात. झुबका जमिनीलगत असल्यामुळें वारा त्यावरून निघून जातो. वाळूनें एक झुबका बुजविला तर धांवतें खोड पुढें जाऊन दुसरा करतें. बियांच्या माथ्यावर रेशमासारखा पांढरा गोंडा असतो, त्याच्या आधारानें त्या वाऱ्यावर दूर जातात. हिंदी महासागराच्या सभोंवार, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत, वाळूच्या किनाऱ्यांवर ही एकच वनस्पति आढळते. आपल्या परसांतील तण म्हणून जिला आपण पाहतों, ती एवढ्या मोठ्या किनाऱ्याची रहिवासी आहे.

वाऱ्याबरोबर उडणारी वाळू एखाद्या झुबक्याशीं आली म्हणजे तेथें वाऱ्याचा वेग थोडा मोडतो आणि कण खालीं पडतात. झुबका वर सरकतो, पुन्हां कण पडतात. असे हजारों झुबके, त्यांच्या जोडीला मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा नांवाचें तें टोंचणारें गवत, या सर्वांच्या मेहनतीनें वाळूचा उंचवटा उभा राहतो. या कामांत मोठा वांटा मर्यादवेलीचा व गवताचा आहे. पाथरी त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा भरून काढते. हा उंचवटा म्हणजे किनाऱ्याची शिल्लक होय. पावसाळ्यांतील लाटा किनाऱ्यावरील वाळू ओढून नेतात, आणि आश्विनानंतर समुद्र शांत झाला म्हणजे पुष्कळशी वाळू परत येते. ज्या किनाऱ्याजवळ शिल्लक आहे तो ही देवघेव सोसतो. ज्यानें ती सपाट करून टाकली त्याच्या घराच्या पायाशीं लाट लवकर येते. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां देवबाग-तारकर्लीच्या लोकांनीं समुद्राचें रूप डोळ्यांनीं पाहिलें आहे. तशा वादळापुढें एखादें रान उभें राहील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वर्षानुवर्षांची लहान झीज भरून काढण्याचें काम हेंच रान करतें, आणि तें फुकट करतें.

दुसरी गोष्ट विहिरीची. अशा चिंचोळ्या पट्टींत पावसाचें पाणी वाळूंत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें; आपल्या विहिरींत लागतें तें हें गोडें पाणी. वाळूचा सांठा जितका मोठा तितकी या पाण्याला जागा अधिक. उंचवटा काढून त्यावर हिरवळ केली तर दोन्हीकडून तोटा : सांठा कमी होतो, आणि हिरवळीला रोज त्याच विहिरीचें पाणी घालावें लागतें. चैत्र-वैशाखांत, पाहुण्यांची गर्दी असतांना विहीर मचूळ झाली तर काय होईल, याचा विचार वडील मंडळींनींच करावा.

यांत कायद्याचाही भाग आहे. सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ सालीं निघाली. तिच्या जागीं २०११ व २०१९ सालीं नव्या आल्या. वाळूच्या टेकड्या या अत्यंत संवेदनशील वर्गांत धरल्या असून, शोभेसाठीं वा करमणुकीसाठीं त्या कोरणें किंवा त्यांचें रूप बदलणें यास मनाई आहे. तेव्हां समुद्रालगतच्या उंचवट्याला हात लावण्यापूर्वीं तो कोणत्या वर्गांत येतो याची चौकशी तालुक्याच्या कचेरींत करावी.

लागवड

पाथरी हलवितां येईल काय, याचें उत्तर असें : कांहीं रोपें हलवितां येतील, उंचवटा हलवितां येणार नाहीं. जुन्या झाडाचें सोटमूळ खोल असल्यामुळें तें उपटतांना तुटतें, व झाड दगावतें. रोपें करावयाचीं तीं धांवत्या खोडावरील कोंवळ्या झुबक्यांपासून.

वेळ मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेल्यानंतरची धरावी. एखादा झुबका हलकेच ओढून पाहावा. तो अडला तर मूळ धरलें आहे असें समजावें. दोन्ही बाजूंचें खोड चार-चार बोटें राखून कातरीनें कापावें आणि खुरप्यानें खालच्या वाळूसकट झुबका ओंजळींत उचलावा. नवी जागा उघडी, उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. माडाच्या आळ्यांत, जेथें पाणी तुंबतें तेथें, ही कुजते. सुरूच्या दाट सावलींत व त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखालीं ती वाढत नाहीं. झुबक्याचा गळा वाळूच्या पातळीस ठेवून एकेक हात अंतरानें रोपें लावावींत. पावसानें ओढ दिली तर दोन-तीन आठवडे एक दिवसाआड सायंकाळीं पाणी शिंपावें. मग पाण्याचें नांव काढूं नये. शेणखत, लाल माती, पेंड यांपैकीं कांहीं घालूं नये. खत दिल्यानें पाथरी सुखावत नाहीं, तिच्या जागेंत गवत मात्र माजतें. पहिल्या वर्षीं समुद्राकडील बाजूस वाळलेल्या झावळ्या तिरप्या रोवून आडोसा केला कीं पुरे.

बियांपासून रोपें करण्याची पद्धत अधिक संथ, परंतु अधिक निर्दोष आहे. तींत मूळ रानाला धक्का लागत नाहीं. पावसाळा सरल्यावर फुलें मुबलक येतात. मिटलेलें फूल पुन्हां उघडून त्याचा पांढरा गोंडा झाला म्हणजे बीं तयार झालें. दुपारीं समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वीं, सकाळींच, गोंडे कागदाच्या पुडींत घ्यावेत. बीं ताजें असतांनाच पेरावें. भोंक पाडलेल्या खोल कुंडींत किंवा बुडाशीं छिद्र असलेल्या बांबूच्या पेरांत आवारांतलीच वाळू भरून, वर बीं टाकून, तें जेमतेम झांकेल इतकीच वाळू वर भुरभुरावी. ओल राखावी, पण चिखल करूं नये. चार-सहा पानें होतांच, मूळ लांबण्यापूर्वीं, रोप कायमच्या जागीं लावावें.

किनाऱ्यावरील सार्वजनिक उंचवट्यावरून रोपें मात्र कोणी आणूं नयेत. दोन-चार गोंडे घेतले तर चालेल. पुण्या-नगरकडील वाचकांनीं या समुद्रवासिनीच्या मागें लागूं नये. त्यांच्या आवारांतील पाथरी आधींच हजर असेल. तिला खुरपणींतून वगळलें कीं झालें.

भाजी व औषध

पाथरीच्या उपयोगाविषयीं विचारणा होणारच, म्हणून दोन शब्द. मालदीव बेटांत समुद्रकांठच्या पाथरीचीं पानें नेहमींच्या जेवणांत खातात. गोमंतकांत तिला ‘अल्मेराव’ म्हणत. हें चिकोरीचें पोर्तुगीज नांव होय. तेथें युरोपांतील दुधळीच्या ऐवजीं ती औषधांत वापरीत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या औषधिग्रंथांत आहे. घरीं भाजी करावयाची असेल तर स्वतःच्या स्वच्छ आवारांतील कोंवळीं पानें, ओळख पक्की झाल्यावर, घ्यावींत. चव थोडी कडवट असते. रहदारीच्या किनाऱ्यावरील पाला घरांत आणूं नये. रोगावर उपाय म्हणून ती देण्याची सूचना आम्ही करीत नाहीं. तें काम वैद्यांचें.

कुटुंबास आमचा सल्ला

उंचवटा आहे तसा राहूं द्यावा. त्यावरून समुद्राकडे जाण्यास दोन हात रुंदीची एकच वाट आंखावी, व ती वाऱ्याच्या तोंडीं सरळ न ठेवतां तिरकी न्यावी, म्हणजे वाळू त्या वाटेनें उडून घरांत येणार नाहीं. वाटेच्या दोन्ही बाजूंस काथ्याची दोरी बांधली तर पाहुण्यांचे पाय रानांत पडणार नाहींत. बसण्यासाठीं हिरवळ हवीच असेल तर ती घराच्या पूर्वेस, माडांखालीं, लहानशीच करावी. वेडेलिया आणूं नये; आणली असल्यास मुळांसकट काढून, उन्हांत पूर्ण वाळवून मग टाकावी, खाडीकांठीं ओली फेंकूं नये. उंचवट्याच्या पायथ्याशीं जी जागा उघडी पडली असेल तेथें येत्या मृगांत पाथरीचीं वीस-पंचवीस रोपें वर सांगितल्याप्रमाणें लावावींत. आणि सूनबाईंनीं एका फळीवर वनस्पतीचें नांव स्वच्छ अक्षरांत लिहून ती फळी वाटेच्या तोंडाशीं उभी करावी. शहरांतून येणारे पाहुणे हिरवळ आपल्या गांवींही पाहतात. सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळीं फुललेली वाळू त्यांस दुसरीकडे सहसा दिसावयाची नाहीं.

रत्नागिरी, हर्णै, मुरुड, वेंगुर्लें व गोमंतकांतील किनाऱ्यांवरही ही वनस्पति वाचकांस सांपडेल. तिला त्या त्या गांवीं कोणत्या नांवानें ओळखतात, हें घरांतील वृद्ध मंडळींस विचारून, दाबून वाळविलेल्या एका पानासह आमच्याकडे कळवावें. आलेलीं नांवें गांवांच्या उल्लेखासह या सदरांत देऊं. पुढील अंकीं पाथरीची शेजारीण मर्यादवेल हिचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे.